साताऱ्याचा घाट धावायचाय? शिरूर-दौंडच्या माळावर तयारी कशी कराल, कुठे धावाल आणि कुठे अजिबात नाही

शिरूर/दौंड : पहाटे पाच वाजता दौंड, पाटस, न्हावरे, पाबळ अशा कुठल्याही गावाच्या रस्त्यावर उभं राहिलं की धावणारी पोरं दिसतात. बहुतेक जण पोलीस भरती नाहीतर आर्मी भरतीची तयारी करणारे असतात. दौंडला तर राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, जवळच नानवीजचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे धावणं इथल्या पोरांना नवीन नाही. अलीकडे मात्र भरतीच्या पलीकडे जाऊन लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरणारेही वाढले आहेत. त्यात शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतले कामगार आहेत, महिलाही आहेत.

या सगळ्यांच्या यादीत एक शर्यत हमखास असते. ती म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून होणारी ही शर्यत साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. अंतर २१ किलोमीटरच्या थोडं वर. साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं आणि त्याच वाटेने परत उतरायचं. एकाच डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटू, अशी तिची गिनीज बुकात २०१५ साली नोंदही झाली.

अडचण इथेच आहे. भरतीची तयारी सपाट मैदानावर होते आणि शर्यत घाटात. गावात पाच-दहा किलोमीटर आरामात मारणारा गडी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरलाच कमरेवर हात ठेवून उभा राहतो. दम नसतो म्हणून नाही, तर चढ-उताराची सवय नसते म्हणून. ही सवय आपल्याच तालुक्यात लावता येते. कशी, ते पाहू.

भरतीचं धावणं आणि घाटाचं धावणं यात फरक काय?

पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. एसआरपीएफसाठी ५ किलोमीटर. ही सगळी अंतरं जोर लावून धावण्याची. १६०० मीटर पाच-सहा मिनिटांत संपतं. हाफ मॅरेथॉनला नवख्या माणसाला दोन ते तीन तास लागतात. म्हणजे सुरुवातीला जोर लावला की शेवटी फजिती ठरलेली.

शिवाय घाटात दोन वेगळी कामं असतात.

पहिलं काम चढण्याचं. चढाला स्वतःचं वजन वर उचलावं लागतं. शंभर मीटर चालल्यावर दहा मीटर उंची वाढते, असा चढ घेतला तर तेवढंच अंतर सपाटीवर धावण्यापेक्षा दीडपटीहून जास्त ताकद लागते. सगळा भार पोटऱ्या, मांड्या आणि ढुंगणाच्या स्नायूंवर येतो. श्वास लगेच वाढतो.

दुसरं काम उतरण्याचं. लोक याला सोपं समजतात आणि तिथेच फसतात. उतारावर दम कमी लागतो हे खरं, पण पाय जास्त झिजतात. प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूला ब्रेकचं काम करावं लागतं. स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला जोरही धरून ठेवायचा असतो. भरलेल्या ट्रॉलीला उतारावर ब्रेक लावत आणताना लायनर जसे तापतात, तसंच हे आहे. म्हणूनच सवय नसताना उतार धावला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही.

चांगली गोष्ट अशी की शरीर हे लवकर शिकतं. एकदा बेताने उतार धावून पाय दुखले आणि ते पूर्ण बरे झाले, की पुढच्या वेळी तेवढाच उतार खूपच कमी दुखतो. म्हणून उताराचा सराव शर्यतीआधीच्या महिन्यांत झालेला हवा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करायचं हे काम नाही.

उंचीमुळे हवा विरळ होईल का, असं काही जण विचारतात. तशी काळजी नको. तो प्रश्न हिमालयात येतो, साताऱ्यात नाही. साताऱ्यात त्रास होतो तो चढाचा, दमट हवेचा आणि पावसाचा.

धावायचं कुठे?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके नकाशावर सपाट वाटतात, पण सरावापुरते चढ दोन्हीकडे आहेत.

दौंड तालुक्यात पाटसच्या पुढे रोटी घाट आहे. जगद्गुरू संत तुकाराम महाराजांची पालखी याच घाटातून बारामती तालुक्यात उतरते, त्यामुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा. यवतकडच्या लोकांना भुलेश्वरचा डोंगर जवळ. देऊळ पुरंदर तालुक्यात येतं, पण यवतहून जाणारा रस्ता शेवटी चांगलाच चढतो. श्रावणात आणि सोमवारी तिथे भाविकांची आणि गाड्यांची गर्दी असते, तेव्हा सराव दुसऱ्या दिवशी ठेवलेला बरा.

शिरूर तालुक्यात पश्चिमेचा पट्टा कामाचा. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, धामारी या भागात माळ, टेकड्या आणि मुरमाच्या गाडीवाटा आहेत. पाण्याच्या नावाने ओरड असलेला हा भाग धावणाऱ्यांसाठी मात्र सोयीचा आहे.

जवळ घाट नसेल तरी अडत नाही. गावाबाहेरची टेकडी, पाझर तलावाच्या भरावाचा चढ, देवळाच्या पायऱ्या, अगदी कॅनॉलच्या पुलाकडे चढणारा रस्ताही चालतो. सलग दोनशे मीटर चढ मिळाला तरी पुरे.

मुरमाची वाट डांबरापेक्षा बरी. पाय वेगवेगळ्या कोनात पडतो, घोटे मजबूत होतात, गुडघ्यांवर एकसारखा आदळ बसत नाही. पण साताऱ्याची शर्यत डांबरी रस्त्यावर आहे, म्हणून आठवड्यातला एखादा दिवस डांबरावरही धावावं. फक्त पुणे-सोलापूर आणि पुणे-अहिल्यानगर हायवे सरावासाठी नाहीत. गावरस्त्यावरही समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने धावावं. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे ट्रॉल्यांची रांग असते, मागे कोण धावतंय हे चालकाला दिसत नाही.

बिबट्याचा भाग : इथे पहाटेचा हट्ट नको

ही गोष्ट शिरूर-दौंडमध्ये सगळ्यात महत्त्वाची. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर ऊस वाढला तसे उसात बिबटेही वाढले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बेट भागात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसांचे जीव गेले. भीमाकाठच्या दौंडच्या गावांतही उसाच्या कडेला बिबट्या दिसणं नवीन राहिलेलं नाही.

बिबट्या अंधारात आणि झुंजूमुंजूच्या वेळी जास्त फिरतो. नेमकी तीच वेळ धावणाऱ्यांची. त्यात धावणारा माणूस एकटा, कानात हेडफोन आणि दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस असेल, तर धोका आपणच ओढवून घेतल्यासारखं होतं. म्हणून हे नियम पाळा :

- उसाच्या कडेने अंधारात धावू नका. उजाडल्यावरच बाहेर पडा. सहाचे साडेसहा झाले तरी चालतील.
- उघडा माळ, शाळेचं मैदान, दिवे असलेला गावरस्ता निवडा. पाणंद आणि ओढ्याकाठची वाट टाळा.
- तीन-चार जण मिळून जा. बोलत राहा, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा. हेडफोन घरी ठेवा.
- लहान मुलांना सरावाला सोबत नेऊ नका.
- बुटाची नाडी बांधायला किंवा लघवीला उसाच्या कडेला वाकून, बसून राहू नका. बसलेला माणूस बिबट्याला छोट्या जनावरासारखा दिसू शकतो.
- बिबट्या समोर दिसलाच तर पळू नका. ताठ उभे राहा, हात वर करा, मोठ्याने ओरडा आणि त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरा. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभावच आहे.
- पायाचे ठसे किंवा बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर कळवा आणि गावच्या ग्रुपवरही टाका. मात्र जुने फोटो, दुसऱ्या गावचे व्हिडिओ पुढे ढकलू नका. त्यामुळे खरी माहिती बाजूला पडते.

माळावर बिबट्याचं भय कमी, पण सापाचं असतं. घोणस आणि फुरसं दगड-मुरमात, गवतात दडून बसतं आणि मातीच्या रंगात मिसळून जातं. पाऊस सुरू झाला की जपून. पाऊल कुठे पडतंय ते दिसेल एवढा उजेड हवाच. साप चावला तर चिरा देणं, तोंडाने रक्त ओढणं, दोरीने करकचून आवळणं यातलं काहीही करू नये. माणसाला चालवू नये, चावलेला भाग हलू देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि सापाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात लवकरात लवकर पोहोचावं. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

१२ आठवड्यांचा सराव

हा आराखडा न थांबता ५ किलोमीटर हळू धावू शकणाऱ्यासाठी आहे. एवढं जमत नसेल तर आधी महिना-दीड महिना चालणं आणि हळू पळणं आलटून-पालटून करावं.

आठवड्याची मांडणी साधी ठेवा. मंगळवार आणि शुक्रवारी ५ ते ७ किलोमीटर हळू धावणं, बुधवारी चढाचा सराव, रविवारी लांब पल्ला, शनिवारी घरच्या घरी ताकदीचे व्यायाम. सोमवार आणि गुरुवार विश्रांती.

हळू म्हणजे किती हळू? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. 'हं… हो…' एवढंच निघत असेल तर वेग जास्त झाला. भरतीवाल्या पोरांना हेच सगळ्यात अवघड जातं. रोज टायमिंग तोडायची सवय असते. पण लांब पल्ल्याचा पाया हळू धावण्यातूनच पक्का होतो.

रविवारचं अंतर असं वाढवा :

- पहिला महिना : ६, ७, ८ आणि मग परत ६ किलोमीटर. सपाट किंवा हलक्या चढाची वाट.
- दुसरा महिना : १०, ११, १३ आणि मग परत १० किलोमीटर. यात किमान ३-४ किलोमीटर चढ-उतार हवा.
- तिसरा महिना : १५, १७, ११ आणि चौथ्या रविवारी शर्यत.

चौथ्या आणि आठव्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केलं आहे. शरीर विश्रांतीतच सुधारतं. शर्यतीआधी २१ किलोमीटर एकदा पूर्ण धावून बघायची गरज नाही. १७ नीट झाले तर २१ होतात.

बुधवारचा चढ असा करा. दहा-पंधरा मिनिटं हळू धावून अंग गरम करा. मग दोनशे मीटरचा चढ दमदार पण एकसारख्या गतीने चढा आणि चालत खाली या. पहिल्या दोन आठवड्यांत ४ वेळा, मग दर आठवड्याला एक वाढवत ८ पर्यंत न्या. पाचव्या आठवड्यापासून चालत उतरण्याऐवजी हळू धावत उतरा. नवव्या-दहाव्या आठवड्यात एखाद्या दिवशी रोटी घाटासारखा लांब चढ सलग चढा आणि सलग उतरा. शेवटचे दहा दिवस मात्र उतार जोरात धावू नका, पाय ताजे राहू द्या.

चढताना पावलं छोटी ठेवा, नजर दहा-पंधरा पावलं पुढे. कमरेत वाकू नका, घोट्यापासून किंचित पुढे झुका. हात जरा जोरात हलवा. फारच दम लागला तर सरळ चाला. घाटात भराभर चालणारा माणूस कण्हत पळणाऱ्याच्या बरोबरीने वर पोहोचतो, त्यात कमीपणा नाही. उतरताना मागे रेलून टाचा आपटू नका. पावलं छोटी आणि भराभर टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा.

शनिवारचे व्यायाम : बैठका, जोर, एका पायावर उभं राहणं, ओट्याच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली करणं. वीस मिनिटं पुरेत. उतारावर गुडघे वाचवायचे तर मांड्या भक्कम हव्यात, आणि बैठकांसारखा बिनपैशाचा उपाय नाही.

शेतीचं काम हाही व्यायामच

शहरातले सरावाचे तक्ते दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. इथला धावपटू दिवसभर खुरपणी करतो, पोती उचलतो, रात्रीची लाईट असली की दारे धरायला जातो. तो थकवाही मोजायला हवा. रात्र पाणी भरण्यात गेली असेल तर सकाळचा चढ रद्द करा, झोप काढा. कंपनीत तिसरी पाळी असेल तरी तेच. झोप न झालेल्या अंगावर धावण्याने फायदा होत नाही, दुखापत होते.

नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखतं, धावताना वाढत जातं, रात्रीही ठणकतं, असं असेल तर ते अंगावर काढू नका. हाडाला बारीक चीर पडण्याची ती सुरुवात असू शकते. भरतीची बरीच पोरं डांबरावर, तळ झिजलेल्या बुटात रोज पळून हे दुखणं ओढवून घेतात, आणि ऐन भरतीच्या वेळी घरी बसतात.

बूट महागडे हवेतच असं नाही. पण ते धावण्याचे हवेत, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि तळ झिजलेला नको. शर्यतीला नवे कोरे बूट घालून जाऊ नका. निदान महिनाभर वापरलेले असावेत.

खाणं-पिणं

पावडरी, गोळ्या यांची गरज नाही. भाकरी, डाळ, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी हे पोटभर असलं की झालं. शरीरात साठवलेली साखर जोरात धावताना साधारण दीड ते दोन तास पुरते. म्हणून ८-१० किलोमीटरला काही खायला लागत नाही, पण १५ च्या पुढे लागतं. केळं, खजूर, गुळाचा खडा, चिक्की, जे पोटाला मानवेल ते रविवारी खाऊन बघा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काहीच नवीन खाऊ नका.

पाणी तहानेनुसार घोटघोट प्या. घाम भरपूर गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चवीला लिंबू. चमचा चहाचा घ्या. नुसतं पाणी ढसाढसा पिणंही घातक असतं, त्याने रक्तातलं मीठ कमी होऊन चक्कर, उलटी, गुंगी येऊ शकते.

हे आधी तपासा

चाळिशी ओलांडलेली असेल, बीपी, शुगर असेल, तंबाखू-बिडीची सवय असेल किंवा घरात कमी वयात कुणाला हार्ट अटॅक आला असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. धावताना छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा. 'अजून एक किलोमीटर' म्हणू नका. ताप असताना किंवा उतरल्यावर लगेच धावू नका. उन्हात धावताना घाम थांबला, बोलणं अडखळू लागलं तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, १०८ ला बोलवा.

गावच्या वाटेवरूनच पुढे गेलेले

माळरानावरून मोठं धावणं होतं का, याचं उत्तर आपल्या जवळपासच्याच जिल्ह्यांत आहे. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे दुष्काळी माळावरूनच आला. लहानपणी शाळेसाठी रोज मैलोन् मैल पायपीट, मग लष्कर, आणि तिथून ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२३ च्या आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक. २०२० मध्ये दिल्लीत त्याने हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. दोघांचीही गावं कमी पावसाची, आपल्यासारखीच.

गावात मुली-महिला एकट्या धावायला कचरतात, लोक काय म्हणतील हा एक भाग आणि सुरक्षितता हा दुसरा. चार-पाच जणींनी मिळून शाळेच्या मैदानापासून सुरुवात केली तर दोन्ही प्रश्न हलके होतात.

शर्यतीचा दिवस

नोंदणी काही महिने आधीच होते आणि जागा भरतात, म्हणून अधिकृत वेबसाईट पाहत राहा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या कुठल्याही लिंकवर पैसे भरू नका. आदल्या दिवशीच साताऱ्यात मुक्काम केलेला बरा. शिरूर-दौंडमध्ये रिमझिम असताना तिकडे धो धो पाऊस असू शकतो, म्हणून सरावही अधूनमधून पावसात करा आणि सुती बनियन टाळा. ते भिजून जड होतं आणि अंग सोलतं.

शर्यत तीन भागांत विभागा. पहिला भाग चढाचा. इथे शेकडो जण पुढे जातील, जाऊ द्या. श्वास हाताबाहेर जाऊ देऊ नका. दुसरा भाग वरच्या रस्त्याचा. इथे पाणी प्या, थोडं खा, लय धरा. तिसरा भाग उताराचा. पहिले दोन किलोमीटर राखून उतरा, मांड्या साथ देतायत असं वाटलं तरच वेग वाढवा. मागून येणाऱ्यांच्या वाटेत अचानक थांबू नका, गोळा आला तर कडेला व्हा.

पहिल्या वर्षी वेळेचा विचार सोडा. धडधाकट पूर्ण करणं एवढंच उद्दिष्ट ठेवा. ज्याला घाटाची सवय लागली, त्याला भरतीतले ५ किलोमीटर सपाटीवर नक्कीच हलके जातात. सरावाला कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगून निघायला मात्र विसरू नका.